स्कॉटलंडच्या कोळसाखाणीतले पणजोबा आणि न जुळणारे कागद

ताई, तुम्ही पाठवलेल्या सगळ्या प्रती सावकाश पाहिल्या. उत्तर लांबणार आहे, म्हणून आधी प्रश्न थोडक्यात मांडतो.

तुमच्या मिस्टरांचे पणजोबा स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरमध्ये कोळशाच्या खाणीत कामाला होते. सासूबाईंनी जपलेल्या बायबलमध्ये त्यांचा जन्म २ मार्च १८५७, कोटब्रिज असा लिहिला आहे. डिसेंबर १८८० च्या लग्ननोंदीत वय २२, राहणार हाय ब्लँटायर, वडील हयात नाहीत. १८८१ च्या जनगणनेत वय २४, जन्म ओल्ड मंकलंड. १८९१ मध्ये वय ३२ आणि जन्म चक्क आयर्लंड. १९०१ मध्ये ४२, तर १९११ मध्ये एकदम ५५. नोव्हेंबर १९२१ मध्ये ते वारले, तेव्हा दाखल्यावर वय ६८. लग्ननोंदीत आईचे माहेरचे आडनाव एक आहे, मृत्युनोंदीत दुसरेच. जन्मनोंदी शोधल्या तर ओल्ड मंकलंडमध्ये त्याच नावाचे दोन मुलगे सापडले. एक ऑगस्ट १८५५ चा, दुसरा ११ मार्च १८५७ चा, आणि दोघांचे आईबाप वेगळे. पहिल्याच्या आईचे आडनाव मृत्युनोंदीशी जुळते, दुसऱ्याच्या आईचे लग्ननोंदीशी. त्यात घरात सांगतात की पणजोबांचे वडील ब्लँटायरच्या खाणीतल्या मोठ्या स्फोटात गेले, पण मृतांच्या यादीत ते नाव नाही.

'यातला खरा कागद कोणता?' असे तुम्ही विचारले आहे. माझा सल्ला असा की हा प्रश्नच बाजूला ठेवा. अख्खा कागद खरा किंवा अख्खा खोटा असे क्वचित असते. कागदातली एकेक ओळ सुटी करा आणि पाहा की ही माहिती कुणी सांगितली आणि त्याला ती कशी ठाऊक होती. एकाच मृत्युनोंदीत मृत्यूची वेळ अगदी बिनचूक असते आणि आईचे नाव साफ चुकलेले असते, कारण सांगणारा माणूस आदल्या दिवशी त्या घरात होता, पण सासऱ्याच्या आईला त्याने जन्मात पाहिलेले नव्हते.

तुमच्या १९२१ च्या नोंदीत नेमके हेच झाले असावे. स्कॉटलंडच्या मृत्युनोंदीत शेवटच्या बाजूच्या रकान्यात खबर देणाऱ्याची सही, मृताशी नाते आणि मृत्यूच्या वेळी तो हजर होता की नाही, एवढे लिहिलेले असते. लोक या रकान्याकडे बघतच नाहीत. मी सगळ्यात आधी तोच वाचतो. तुमच्या प्रतीत तिथे जावयाची सही आहे आणि हजर असल्याचा शेरा नाही. या गृहस्थाने सासऱ्याचे वय ६८ सांगितले ते अंदाजाने. आईचे आडनावही ऐकीव. म्हणजे मृत्युनोंदीतले वय आणि आईचे आडनाव या दोन्ही ओळी एकाच कच्च्या खांबावर उभ्या आहेत. त्या दोन्ही १८५५ च्या मुलाकडे बोट दाखवतात म्हणून त्यांना दोन स्वतंत्र पुरावे धरू नका. साक्षीदार एकच आहे.

लग्ननोंदीचे तसे नाही. तिथे नवरदेव स्वतः सांगतो, नवरी स्वतः सांगते. आईचे माहेरचे आडनाव माणूस सहसा चुकत नाही. म्हणून दोन आडनावांत मी लग्ननोंदीतल्या आडनावाला बरेच जास्त वजन देईन. पण मृत्युनोंदीतले आडनाव जावयाने हवेतून आणले असेही समजू नका. ते कुठून आले हे शोधायला दोन वाटा आहेत. पहिली सोपी आहे. पणजीच्या माहेरचे, किंवा पणजीच्या आईच्या माहेरचे आडनाव तेच आहे का ते पाहा. दुःखाच्या दिवशी निबंधकासमोर उभा राहिलेला माणूस 'त्यांच्या आईचे माहेर?' या प्रश्नाला सासूच्या आईचे माहेर सांगून मोकळा होतो, हे मी अनेक नोंदींत पाहिले आहे. दुसरी वाट सावत्र आईची. खाणवस्तीत बायका बाळंतपणात जायच्या, पदरी चारपाच लेकरे असलेला बाप वर्षा-दोन वर्षांत पुन्हा लग्न करायचा. नातवंडांनी 'आजी' म्हणून जिला पाहिले ती बरेचदा ही दुसरी. जावयाच्या कानावर तिचेच आडनाव पडलेले असणार.

याचा छडा भावंडांकडून लागतो. पणजोबांची भावंडे शोधा आणि प्रत्येकाची लग्ननोंद व मृत्युनोंद काढा. स्कॉटलंडमध्ये ही मोठी सोय आहे. इंग्लंडमध्ये २०२१ पर्यंतच्या लग्ननोंदींत आईचे नाव मिळत नाही, इथे लग्न आणि मृत्यू दोन्हींत आईबापांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासकट. प्रत्येक भावंड हा वेगळा साक्षीदार. थोरल्या भावंडांच्या लग्नात एक आडनाव आणि धाकट्यांच्या जन्मनोंदीत दुसरे दिसू लागले की सावत्र आई सापडलीच म्हणून समजा. मग बापाच्या दुसऱ्या लग्नाची नोंद 'विधुर' या शेऱ्यासकट मिळायला हवी.

आता बायबल. तुम्ही पानाचे फोटो चांगले काढलेत, आणि मुखपृष्ठानंतरचे पान काढलेत हे तर फारच उत्तम, कारण त्यावर छपाईचे साल १८७९ आहे. म्हणजे पणजोबांच्या जन्माच्या वेळी हे पुस्तक अस्तित्वातच नव्हते. नोंदींचे पान मोठे करून पाहा. पणजोबांचा जन्म, पणजीचा जन्म आणि लग्न या तिन्ही ओळी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या, अगदी सारख्या अंतराने लिहिलेल्या आहेत. ते एका बैठकीत, लग्नानंतर लगेच लिहिले गेले. त्याखाली मुलांचे जन्म आहेत तिथे मात्र शाई बदलते, अक्षर कधी घाईचे, एका ठिकाणी टाक वेगळा. त्या ओळी त्या-त्या वेळी लिहिल्या गेल्या, आणि मुलांच्या तारखांसाठी हे बायबल पक्के समजायला हरकत नाही. पणजोबांच्या जन्मासाठी मात्र ती १८५७ ची साक्ष नाही, १८८० च्या सुमारास त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आहे. तरीही ती मोलाची आहे. आई आपल्या मुलाला वाढदिवस सांगतेच.

मग २ मार्च की ११ मार्च? या नऊ दिवसांनी घाबरून जाऊ नका. १८५५ पासूनच्या कायद्याने जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवायचा होता, उशीर झाला तर दंडाची भीती. पाळी संपवून कोळशाने माखलेला बाप निबंधकाच्या कचेरीत कधी जाणार? उशीर झाला की तारीख थोडी पुढे सरकवून सांगायची, हे सर्रास चालत असे. तुमच्या नोंदीत नोंदणीची तारीख कोणती आहे ते पाहा. ती ११ मार्चपासून विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या आसपास असेल तर बायबलची तारीख खरी आणि निबंधकाला सांगितलेली सोयीची, असे मी मानेन.

वयांकडे वळतो. पहिली गोष्ट, वयांची सरासरी काढू नका. पाच वेगवेगळी वये बेरीज करून भागली तर हाती जे साल येते त्याला कसलाच आधार नसतो. जन्माच्या जवळच्या जनगणनेला जास्त वजन द्या. चार वर्षांचे पोर दोन वर्षांचे म्हणून खपत नाही, पण चौतीस वर्षांचा माणूस बत्तीस म्हणून सहज खपतो. तुमच्या गठ्ठ्यात नेमक्या १८६१ आणि १८७१ च्या जनगणनाच नाहीत, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी उणीव आहे. त्या रात्री मुलगा आईबापांच्या घरात मिळतो. ७ एप्रिल १८६१ ला वय काय, ते आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुलीभोवती आणखी कोण आहे ते कळते.

खाणकामगारांच्या वयात घोळ होण्याची खास कारणे आहेत. १८४२ च्या कायद्याने बायका आणि दहा वर्षांखालची मुले यांना जमिनीखाली काम करायला बंदी झाली. १८६० पासून दहा ते बारा वर्षांच्या मुलाला लिहितावाचता येत असल्याचा दाखला लागू लागला. पणजोबा १८५७ चे असतील तर ते नेमके याच काळात खाणीत उतरले असणार. घरात एक कमावता हात वाढावा म्हणून मुलाचे वय वर्ष-दोन वर्षांनी वाढवून सांगितले जाई, आणि मग तेच वय त्याच्या अंगाला चिकटे. पुढे ही मर्यादा वाढतच गेली, १९०० मध्ये तेरा आणि १९११ मध्ये चौदा. उलट्या टोकाला १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत सरकारी पेन्शन मिळू लागले. इतकी वर्षे वय चोरणाऱ्यांना अचानक खरे वय आठवू लागले, कुणाकुणाला थोडे जास्तच. म्हणून १९०१ आणि १९११ यांच्यामध्ये दहाऐवजी बारातेरा वर्षे वाढलेली माणसे पुष्कळ भेटतात. तुमच्याकडचे ४२ वरून ५५ हे त्यातलेच असू शकेल. १८९१ आणि १९०१ मध्ये दोन वर्षे कमी पडतात तिथे पणजीचे वयही तपासा. नवऱ्याबायकोची वये एकत्रच कमी केलेली असतात, तिचीही दोनेक वर्षे गायब असतील तर सांगणारी तीच होती.

गावाच्या नावाचा गोंधळ मात्र गोंधळ नाहीच. कोटब्रिज हे गाव, ओल्ड मंकलंड हा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेला जुना प्रशासकीय विभाग. कोटब्रिज त्याच्यातच येते. एअरड्री न्यू मंकलंडमध्ये, विशॉ कॅम्बस्नेथनमध्ये, लार्कहॉल डाल्सर्फमध्ये, बेल्सहिल आणि होलीटाउन दोन्ही बॉथवेलमध्ये. फाइफ या दुसऱ्या कोळसा-परगण्याकडे गेलात तर काउडनबीथ हे बीथ पॅरिशमध्ये. माणूस कधी गाव सांगतो, कधी पॅरिश, कधी नुसते खाणीचे नाव. हे एकदा पाठ झाले की निम्मे 'विरोध' आपोआप गळून पडतात.

ही कुटुंबे एका जागी टिकत नसत, तेही लक्षात ठेवा. घर कंपनीचे. आपल्याकडच्या गिरणीच्या चाळींसारख्या कोळसा कंपन्यांच्या लांबच लांब बैठ्या ओळी होत्या. नोकरी गेली की घर गेले. ब्लँटायरच्या १८७७ च्या स्फोटानंतर काही महिन्यांतच कंपनीने विधवांना घरे खाली करायला लावण्यासाठी कोर्टात धाव घेतली होती, यावरून काय ते समजा. कोळशाचा थर संपला, मजुरी घटली, संप झाला, की बिऱ्हाड हातगाडीवर. मुलांची जन्मस्थळे क्रमाने मांडली तर कुटुंबाच्या फिरण्याचा नकाशाच तयार होतो. म्हणून शोध घेताना एकाच पॅरिशचा हट्ट धरू नका, सगळ्या लॅनार्कशायरमध्ये शोधा.

राहता राहिले १८९१ चे आयर्लंड. आज आपल्याला मिळतात त्या गणना करणाऱ्याने नंतर उतरवलेल्या वह्या. घराघरांतून भरून आलेले मूळ तक्ते नव्हेत. उतरवताना वरच्या ओळीचे 'तेच' खाली घसरते. पूर्ण पान पाहा, फक्त तुमच्या घराच्या चार ओळी नव्हे. वरच्या घरात आयरिश कुटुंब आहे का, घरात आयरिश भाडेकरू झोपायला आहे का. बायको आणि मुलांची नावे व वये जुळत असतील तर माणूस तोच, आणि चूक लेखणीची. पण एक शक्यता मी उघडी ठेवीन. दुष्काळानंतर आयर्लंडमधून हजारो लोक याच पट्ट्यात लोखंडाच्या भट्ट्यांवर आणि खाणींत आले. आईबाप आयरिश असतील तर 'आमचे मूळ आयर्लंडचे' हे वाक्य गणना करणाऱ्याच्या वहीत 'जन्म आयर्लंड' होऊन बसते. लग्ननोंदीत लग्न कोणत्या चर्चच्या रीतीने झाले ते लिहिलेले असते. रोमन कॅथलिक असेल तर स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर कॅथलिक बाप्तिस्म्यांच्या वह्याही आहेत. त्यात नावे लॅटिनमध्ये असू शकतात, जेम्सचा जेकोबस झालेला असतो. बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत होत असे, त्यामुळे २ की ११ मार्च याचाही निकाल तिथे लागेल.

आता त्या दोन मुलांबद्दल, कारण सगळा गुंता तिथेच आहे. स्कॉटलंडमध्ये नाव ठेवायची रीत ठरलेली होती. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, तिसऱ्याला बापाचे. मुलींत पहिलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे. सगळे पाळत नसत, पण पुष्कळ पाळत. परिणाम असा की एका आजोबाच्या पाच मुलांच्या घरी एकाच नावाआडनावाचे पाच नातू, सगळे त्याच परिसरात, सगळे खाणीत. त्यामुळे नाव, पॅरिश आणि धंदा जुळला म्हणजे माणूस सापडला असे इथे अजिबात नाही. योग्य मुलगा निवडायचा नसतो. चुकीचा मुलगा पुराव्यानिशी बाजूला काढायचा असतो. १८५५ चा मुलगा घ्या आणि त्याच्या मागे लागा. तो लहानपणी वारला का? १८६१, १८७१ मध्ये कुठे आहे? त्याचे लग्न कुणाशी झाले? १८८१ मध्ये दुसऱ्याच बायकोबरोबर दुसऱ्या गावात दिसला, तर तुमचे पणजोबा तो नव्हेत, आणि हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल. धंद्याच्या वेगळ्या नावाने फसू नका. कोळसा फोडणारा, ढकलगाडी ओढणारा, रोजंदारीवरचा ऑनकॉस्ट मॅन, छत आणि वाट मोठी करणारा ब्रशर, हे सगळे एकाच माणसाचे वेगवेगळ्या वयातले धंदे असतात. 'कोलिअरी फायरमन' वाचून बंब आठवू नका. तो पाळीच्या आधी दिवा घेऊन वायू साठलाय का ते तपासणारा, जाणता आणि विश्वासाचा माणूस.

१८५५ च्या मुलाच्या नोंदीचा एक फायदा आहे. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली आणि त्या पहिल्या वर्षी निबंधकांकडून अतोनात माहिती मागितली गेली. जन्मनोंदीत आईबापांची वये, जन्मस्थळे, लग्न कधी व कुठे झाले, आधीची मुले किती. काम झेपेना म्हणून १८५६ पासून हे रकाने कापले गेले. आईबापांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण १८६१ पासून पुन्हा आले. म्हणून १८५७ ची तुमची नोंद अशी कोरडी दिसते. तिच्यात आईबापांच्या लग्नाचा उल्लेखच नाही. उपाय असा की त्याच आईबापांचे १८६१ नंतर जन्मलेले एखादे मूल शोधा. त्याच्या नोंदीत लग्नाचे साल आणि गाव मिळेल. ते गाव आयर्लंडमधले निघाले तर १८९१ चे कोडेही तिथेच सुटले.

सगळ्या विसंगती चुकीतूनच येतात असे नाही. कधी घरच्यांनी जाणूनबुजून झाकलेले असते, आणि तिथे जपून हात घालावा लागतो. याच बॉथवेल पॅरिशच्या परिसरातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे कीर हार्डी, ब्रिटिश मजूर चळवळीचे पुढारी, १९०७ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून गेलेले. ते १५ ऑगस्ट १८५६ ला होलीटाउनजवळ जन्मले. आई मेरी कीर घरकाम करणारी, अविवाहित. जन्मनोंदीत मुलाचे नाव जेम्स केर. चरित्रकार जन्मदाता म्हणून विल्यम एटकिन या खाणकामगाराचे नाव देतात. पुढे आईने डेव्हिड हार्डी या जहाजावरच्या सुताराशी लग्न केले आणि मुलगा हार्डी झाला. दहाव्या वर्षी तो खाणीत उतरला होता. आता समजा हे तुमच्या घरचे असते आणि तुम्ही 'जेम्स हार्डी, जन्म १८५६' असे शोधत बसला असता, तर काय हाती लागले असते? म्हणून एखादा जन्म सापडतच नसेल तर आईच्या माहेरच्या आडनावाने शोधा. अविवाहित आईच्या मुलाच्या नोंदीत बापाचे नाव येण्यासाठी त्याने स्वतः आईबरोबर येऊन सही करावी लागे, आणि पुष्कळ जण येत नसत. मग चर्चच्या पंचमंडळाच्या, म्हणजे कर्क सेशनच्या इतिवृत्तांत बापाची चौकशी सापडते. त्यांची छायाचित्रे आता स्कॉटलंड्सपीपलवर आहेत. मात्र असे काही निघाले तर ते सासूबाईंना कसे सांगायचे याचा आधी विचार करा. त्या पिढीत या गोष्टीची लाज बाळगत, आणि त्या बाईने जे सोसले त्याचा मान राखला गेला पाहिजे.

शेवटी स्फोटाची गोष्ट. हाय ब्लँटायरला डिक्सन कंपनीच्या खाणीत २२ ऑक्टोबर १८७७ ला स्फोट झाला आणि २०७ माणसे गेली. स्कॉटलंडच्या खाणींतला हा सर्वांत भीषण अपघात. यादीत नाव नाही म्हणून घरची गोष्ट लगेच खोटी ठरवू नका. यादीत स्पेलिंगे वेडीवाकडी आहेत का ते पाहा, मॅक असलेली आणि नसलेली, दोन्ही आडनावे शोधा. दुसरे, त्याच कंपनीच्या ब्लँटायरच्या खाणीत २ जुलै १८७९ ला पुन्हा स्फोट झाला आणि २८ जण गेले. मोठ्या अपघाताच्या सावलीत हा दुसरा लोकांच्या आठवणीतून पुसला गेला. तुमच्या लग्ननोंदीनुसार वडील डिसेंबर १८८० च्या आधी गेलेले आहेत, म्हणजे दोन्ही स्फोट त्या हद्दीत बसतात. आणि तिसरी शक्यता मला सगळ्यात दाट वाटते. खाणीत माणसे मुख्यतः एकेकटी मरत, छत कोसळून, गाड्यांखाली सापडून. अशा मृत्यूची बातमी होत नसे. दोनतीन पिढ्यांनी 'ब्लँटायरला खाणीत गेले' याचे 'ब्लँटायरच्या स्फोटात गेले' होते. गोष्टीचा गाभा खराच असतो.

तपासायचे असे. १८७१ च्या जनगणनेत वडील जिवंत असतील तर १८७१ ते १८८० एवढाच काळ उरतो. त्या काळातली मृत्युनोंद काढा आणि समासात पाहा. अपघाती मृत्यू असेल तर समासात दुरुस्ती-नोंदवहीचा हवाला असतो. सरकारी वकील, म्हणजे प्रोक्युरेटर फिस्कल, अचानक मृत्यूची चौकशी करी आणि तिचा निष्कर्ष या दुसऱ्या वहीत उतरवला जाई. मूळ नोंदीत कारण मोघम असते, खरे कारण या वहीत. ती प्रतही संकेतस्थळावर मिळते, फक्त त्या समासातल्या शेऱ्याकडे लक्ष गेले पाहिजे. शिवाय खाण निरीक्षकांच्या वार्षिक अहवालांत प्राणघातक अपघातांचे तक्ते आहेत. खाण, तारीख, माणूस आणि कारण, सगळे एका ओळीत. कोर्टातली जाहीर चौकशी १८९५ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे या वडिलांसाठी ती मिळणार नाही, पण पणजोबांचे एखादे भावंड पुढे खाणीत गेले असेल तर एडिनबरोच्या नॅशनल रेकॉर्ड्समध्ये जरूर विचारा.

पैशांचे म्हणाल तर एका प्रतीला दीड पौंडाच्या आसपास पडतात, म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी १८७१ ची जनगणना, मग १८६१. त्यानंतर १८६१ नंतरच्या एका भावंडाचा जन्म. मग वडिलांचा मृत्यू आणि त्याची दुरुस्ती-नोंद. १८५५ च्या मुलाचा पाठलाग याच्या बरोबरीने चालू ठेवा, कारण त्याच्या बऱ्याच पायऱ्या नुसत्या सूचीत फुकट दिसतात. स्पेलिंग बदलून बदलून शोधा. बायकांची नावे तर फारच फिरतात, जेनेटची जेसी होते, युफेमियाची एफी, ॲग्नेसची नॅन्सी.

विधवा आई १८८१ मध्ये मुलांसह एकटी दिसली तर मदतीच्या अर्जांकडे वळा. १८४५ च्या गरीब-कायद्याने धडधाकट पुरुषाला मदतीचा हक्क नव्हता, पण पदरी लहान मुले असलेली विधवा अर्ज करू शकत होती. खर्च कोणत्या पॅरिशने उचलायचा हे ठरवण्यासाठी निरीक्षक तिची खोलवर चौकशी करी. जन्म कुठला, नवरा कोण, कधी व कसा वारला, कुठे कुठे किती वर्षे राहिलात, तिचे आणि नवऱ्याचे आईबाप कोण. सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय पॅरिश जबाबदारी घेत नसे, म्हणून राहत्या घरांची यादी तारखांसकट येते. आईचे माहेर, आयर्लंड आणि वडिलांचा मृत्यू या तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अशा एकाच पानावर मिळू शकतात. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीतल्या सिटी आर्काइव्ह्जमध्ये ग्लासगो आणि आसपासच्या पॅरिशचे असे अर्ज मोठ्या संख्येने आहेत. ब्लँटायर आणि ओल्ड मंकलंडच्या वह्यांबद्दल त्यांना आधी पत्राने विचारा. पत्रात विधवेची दोन्ही आडनावे, माहेरचे आणि सासरचे, तिचे अंदाजे जन्मसाल, मुलांची नावे आणि १८७७ ते १८८५ हा काळ लिहा. पणजोबांचे नाव दिले नाही तरी चालेल, कारण ते पान तिच्या नावाने उघडलेले असेल.